डायलिसिसवरच्या मुलाचं हृदय जाड होतंय: बीपीची चौथी गोळी सुरू करायची की ड्राय वेट खाली आणायचं?

बालरोग_वऱ्हाड

नमस्कार मंडळी. आमचं डायलिसिस युनिट मुळात मोठ्यांचं, त्यात सध्या एक मूल आहे. मुलगा 9 वर्षांचा, उंची 118 सेंमी, ठरवलेलं ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) 20 किलो. मूळ आजार एफएसजीएस (किडनीच्या गाळण्यांवर व्रण पडण्याचा आजार), स्टेरॉइडला दाद न दिलेला. लघवी दिवसाला जेमतेम 100 मिली. मानेतून टनेल्ड कॅथेटर (त्वचेखालून शिरेत नेलेली नळी). आठवड्यातून तीनदा, दर वेळी तीन तास. दोन डायलिसिसच्या मधे वजन सव्वा ते दीड किलोने वाढतं.

डायलिसिसआधी बीपी 146/98, नंतर 130/84. अम्लोडिपिन, एनालाप्रिल, प्राझोसिन तिन्ही चालू. शेवटच्या तासात बीपी एकदम कोसळतं, पोटात कळ येते, उलटी होते. मग सिस्टर सलाईन सोडतात, यूएफ (मशीनने पाणी ओढणं) बंद होतो आणि मूल 20.4–20.5 वर घरी जातं. रात्री झोपल्यावर कोरडा खोकला.

इको: सेप्टम (हृदयाचा मधला पडदा) 8.5 मिमी, पोस्टीरियर वॉल (मागची भिंत) 8.5 मिमी, डायस्टोलमधला (हृदय सैल असतानाचा) एलव्ही, म्हणजे डावा कप्पा, 38 मिमी, ईएफ (दर ठोक्याला बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) 50 टक्के, पेरिकार्डियममध्ये (हृदयाच्या आवरणात) थोडं पाणी. खाली शेरा "मास इंडेक्स नॉर्मलच्या काठावर". हिमोग्लोबिन 7.8, पोटॅशियम 6.1, कॅल्शियम 8.6, फॉस्फरस 7.4, पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) 780.

विचारायचं असं: हे एलव्हीएच (डावा कप्पा जाड होणं) धरायचं की नाही? 20 किलोच्या वरच बीपी पडतं, म्हणजे ड्राय वेट बरोबरच आहे ना? मग चौथी गोळी म्हणून मिनॉक्सिडिल सुरू करू का? आणि अशा मुलात अचानक काय बिघडू शकतं, कशावर डोळा ठेवायचा?

---

इको_खोली

आधी आकडा नीट काढू, "काठावर" या शेऱ्यावर जाऊ नका.

सेंटीमीटरमध्ये: 0.85 + 3.8 + 0.85 = 5.5. त्याचा घन 166.4. एकट्या 3.8 चा घन 54.9. फरक 111.5, गुणिले 0.832, अधिक 0.6. एलव्ही मास आला 93 ग्रॅम.

आता भागायचं कशाने? शरीराच्या पृष्ठफळाने भागलं तर 20 किलोला 0.81 चौ.मी., म्हणजे 115. मुलग्यांसाठी 2017 च्या अमेरिकन बालरोग अकादमीच्या मार्गदर्शनात कटऑफ नेमका 115 आहे. पण इकोच्या दिवशी वजन 21.5 लिहिलं असेल तर पृष्ठफळ होतं 0.84 आणि उत्तर येतं 111. म्हणजे अंगात साठलेल्या पाण्यानेच इंडेक्स "नॉर्मल" करून दिला! डायलिसिसच्या मुलात म्हणूनच उंचीच्या 2.7 घाताने भागतात. 1.18 चा 2.7 घात 1.56, उत्तर जवळपास 60 ग्रॅम. आठ वर्षांपुढच्या मुलांत 51 च्या वर गेलं की एलव्हीएच. उंची खुंटलेल्या मुलात हा आकडा थोडा फुगतो हे खरं, पण 60 म्हणजे फुगवट्याच्या पलीकडचं आहे.

भिंतीची सापेक्ष जाडी: दोनदा 8.5, भागिले 38, म्हणजे 0.45. 0.42 च्या वर म्हणून कॉन्सेंट्रिक (कप्पा न फुगता भिंत जाड). दाब जास्त राहिल्याचा हा ठसा. नुसत्या पाण्याने किंवा ॲनिमियाने हृदय ताणलं असतं तर एलव्ही आधी मोठा दिसला असता. इथे दोन्ही आहे, वरचढ दाब आहे.

ईएफ 50 ला मी फार महत्त्व देत नाही आणि दुर्लक्षही करत नाही. दाब 146 असताना मोजलेली ईएफ खाली दिसतेच. इको पुन्हा करा, पण डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या सेशननंतर. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर, मशीनला जोडायच्या आधी केलेला इको हा पाण्याचा इको असतो, हृदयाचा नव्हे. आणि ईसीजीतल्या उंच व्होल्टेजवरून मुलांत एलव्हीएच ठरवायच्या भानगडीत पडू नका. बारीक छातीच्या मुलात व्होल्टेज असंच उंच येतं, तर पेरिकार्डियममध्ये पाणी असेल तेव्हा खरं एलव्हीएच लपतं.

---

बालमूत्रपिंड_पुणे

डॉक्टर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच सगळी मेख आहे. "बीपी पडलं म्हणजे ड्राय वेट आलं" हे गृहीतक मोठ्यांच्या युनिटमधून मुलांकडे जसंच्या तसं येतं आणि तिथेच फसतं.

हिशेब करा. दीड लिटर तीन तासांत म्हणजे तासाला 500 मिली, 20 किलोला भागलं तर 25 मिली प्रतिकिलो प्रतितास. मोठ्यांत 13 च्या वर गेलं की आपण हात आखडतो. इथे जवळजवळ दुप्पट वेगाने पाणी ओढलं जातंय. मशीन पाणी फक्त रक्तातून काढतं. पायातलं, पोटातलं, फुफ्फुसातलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. तो वेळ मिळाला नाही की रक्तवाहिन्या रिकाम्या आणि अंग मात्र पाण्याने भरलेलं. त्यातून एलव्ही जाड आणि ताठर: असं हृदय भरायला थोडं जास्त रक्त मागतं, प्रीलोड (हृदयात परत येणारं रक्त) जरा कमी झाला की आउटपुट कोसळतं. म्हणजे बीपी पडण्याचं कारण इथे वेग आहे, वजन नाही. रात्रीचा खोकला आणि आधीचं 146/98 दोन्ही सांगताहेत की 20 किलो हे ड्राय वेट नाहीच. तशात मूल त्या 20 लाही पोचत नाही, 20.5 वर घरी जातं.

या प्रत्येक कोसळण्यात हृदयाच्या स्नायूचा काही भाग थोडा वेळ बधिर होतो, ज्याला मायोकार्डियल स्टनिंग म्हणतात. कॉरोनरी (हृदयाच्या धमन्या) साफ असल्या तरी होतं. लंडनमध्ये 12 मुलांवर डायलिसिस चालू असताना इको करून पाहिलं तेव्हा 11 जणांत ते सापडलं (2009 चा अभ्यास), आणि जितका यूएफ जास्त, जितकं बीपी खाली, तितकं ते जास्त. आठवड्यातून तीनदा हेच होत राहिलं तर ईएफ 50 वरून 40 वर यायला वेळ लागत नाही.

मी काय करेन:

वेळ वाढवा. तीन तास या मुलाला पुरत नाहीत. तासाला 260 मिलीच्या (13 मिली/किलो) आत राहायचं तर चार तासांत फार तर एक लिटर निघतो. दीड लिटर काढायला पावणेसहा तास लागतील. म्हणून दोन बाजूंनी यावं लागतं: सेशन चार तासांचं, निदान पहिले काही आठवडे चौथं सेशन, आणि मधली वाढ 4 टक्क्यांवर, म्हणजे 800 मिलीवर आणायची. मुलांत 4 टक्क्यांच्या वर वाढ राहिली की एलव्ही मास वाढलेला सापडतो.

मग ड्राय वेट हळूहळू खाली. दर सेशनला 100 ते 200 ग्रॅम, घाई नाही. 19.5 ला कदाचित खोकला थांबेल, 19 ला कदाचित बीपी हलेल. एक गोष्ट घरच्यांना आणि सिस्टरना आधीच सांगून ठेवा: वजन योग्य झाल्यावरही बीपी लगेच उतरत नाही, काही आठवडे मागून येतं. फ्रान्सच्या तासँ इथल्या लांब डायलिसिसच्या अनुभवातून हे चांगलं माहीत आहे. या मधल्या काळात धीर सुटून चौथी गोळी चढवली जाते आणि मग पाणी काढणंच अशक्य होतं.

उलट, बीपी उतरू लागलं की एकेक गोळी कमी करत जा. पहिलं प्राझोसिन. डायलिसिसच्या सकाळी ते आणि अम्लोडिपिन देऊच नका, संध्याकाळी द्या. एनालाप्रिल डायलिसिसमध्ये धुऊन जातं, तेही नंतरच. पण पोटॅशियम 6.1 असताना त्याच्याकडे संशयाने बघा. ईएफ कमीच राहिली तर कार्व्हेडिलॉल विचारात घ्या, ते मशीनने निघत नाही. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल निघून जातात. डिगॉक्सिनच्या वाटेला जाऊ नका.

मिनॉक्सिडिल नको. ते स्वतःच पेरिकार्डियममध्ये पाणी साठवतं आणि तुमच्या इकोत आधीच थोडं आहे. शिवाय मीठ-पाणी धरून ठेवतं. आपण जे काढू पाहतोय तेच ते परत भरणार.

टार्गेट: या वया-उंचीला 90 वा पर्सेंटाइल साधारण 107/70 च्या आसपास. डायलिसिसआधीचं एकच रीडिंग फसवं. 44 तासांचं ॲम्ब्युलेटरी (अंगावर बांधून बीपी मोजत राहणारं) मॉनिटर मिळालं तर उत्तम, नाहीतर मधल्या दिवशी घरी सकाळ-संध्याकाळ. कफ दंडाच्या मापाचा हवा: आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के. मोठा कफ लावला तर बीपी खोटं कमी येतं.

हिमोग्लोबिन 7.8 वरही हृदयावर ओझं आहेच. रक्त चढवणं शक्यतो टाळा, पुढे ट्रान्सप्लांटच्या वेळी अँटिबॉडीज आडव्या येतात. आयर्न बघा (सॅच्युरेशन 20 टक्क्यांच्या वर, फेरिटिन 100 च्या वर), मग एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं इंजेक्शन). मुलांना किलोमागे डोस मोठ्यांपेक्षा जास्त लागतो. पण बीपी आवरल्यावर चढवा आणि हिमोग्लोबिन महिन्याला 1–2 ग्रॅमपेक्षा वेगाने वाढू देऊ नका. 11–12 पुरे.

---

डायटेक_नाशिक

मॅडमनी वेगाचं सांगितलंच, मी मशीनकडचं सांगतो. सर, तुमच्याकडे या मुलाला लाइन्स (रक्ताच्या नळ्या) आणि डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर) कुठला लावता ते लिहिलेलं नाही. मोठ्यांच्या युनिटमध्ये हमखास मोठ्यांचाच सेट लागतो.

20 किलोच्या मुलात रक्त दीड लिटर, फार तर 1600 मिली. एका वेळी बाहेर 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे 150–160 मिली. मोठ्यांच्या लाइन्स एकट्याच तेवढ्या घेतात, वर 1.3 चौ.मी. चा डायलायझर साधारण 80 मिली. झाले 230–240, म्हणजे 15 टक्के. हिमोग्लोबिन 7.8 असलेल्या मुलाचं एवढं रक्त बाहेर गेलं की सुरुवातीलाच बीपी हलतं. पेडियाट्रिक लाइन्स मागवा आणि 0.7–0.8 चौ.मी. चा डायलायझर (मुलाच्या पृष्ठफळाएवढाच, त्याहून मोठा नाही), तो 50 मिलीच्या आसपास घेतो.

पंप 100 मिली/मिनिट, म्हणजे 5 मिली/किलो. कॅथेटर चांगलं चालत असेल तर थोडा वर नेता येतो, पण 250 वगैरे करून "तीन तासांत क्लिअरन्स आला" म्हणायची पद्धत मुलांत चालत नाही. क्लिअरन्स (युरियासारख्या घाणीचा निचरा) येतो, पाणी आणि फॉस्फरस मागे राहतात.

डायलायसेटचं (मशीनमधल्या द्रावणाचं, म्हणजेच बाथचं) तापमान 37 वरून 36 वर आणा, मग 35.5. थंड बाथने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी टिकतं. मूल कुडकुडायला लागलं तर अर्धा अंश वर. सोडियम 138, आणि सोडियम प्रोफाइलिंग बंद ठेवा. 145 वरून सुरुवात करून उतरवलं की सेशन गुळगुळीत जातं खरं, पण मूल घरी जाऊन तहानेने माठाशीच बसतं. पुढच्या वेळी दीड किलो वाढ कुठून आली याचं निम्मं उत्तर तिथे असतं.

पहिला अर्धा-एक तास नुसता यूएफ, मग डायलिसिस, असं केलं तरी बीपी चांगलं धरतं. पण तो वेळ वर जोडायचा, चार तासांतून कापायचा नाही. ब्लड व्हॉल्यूम मॉनिटर असेल तर बघत राहा, पहिल्या तासात 8 टक्क्यांच्या वर घसरलं की यूएफ कमी करा, बीपी पडायची वाट बघू नका. मुलांत बीपी शेवटी पडतं. त्याआधी मूल जांभया देतं, गप्प होतं, पोट धरतं, नाडी वाढते. जांभई आली की मी यूएफ खाली करतो.

हिमोडायफिल्ट्रेशनचं (डायलिसिससोबत जास्त द्रव गाळून बदलणारं) मशीन आणि अल्ट्राप्युअर (जंतू-विषारी कण गाळलेलं) पाणी जवळपास कुठे असेल तर त्याचाही विचार करा. मुलांवरच्या 2019 च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात त्या गटाचं बीपी आणि मानेच्या धमनीची जाडी साध्या डायलिसिसपेक्षा बरी राहिली. पाणी मात्र खरंच अल्ट्राप्युअर हवं, नुसतं मशीनवर लिहिलेलं नको.

---

बालरोग_वऱ्हाड

खूप आभार. मोठ्यांच्याच लाइन्स लागताहेत, बदलतो. चार तास जमवता येतील, चौथ्या सेशनला मात्र स्लॉट नाही. अशा वेळी पेरिटोनियलवर (पोटाच्या पडद्यातून होणाऱ्या डायलिसिसवर) नेलं तर हृदयाला सोपं पडेल का? आणि पेरिकार्डियमच्या पाण्याचं काय करू? आई सांगते की मीठ "अगदी कमी" आहे आणि घरात सैंधव वापरतात.

---

आहार_कोल्हापूर

सैंधवावरूनच सुरू करते. सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, फरक रंगाचा. त्याहून वाईट म्हणजे दुकानात मिळणारं "लो सोडियम" मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पोटॅशियम 6.1 असलेल्या घरात ते पाकीट आहे का, हे आधी विचारा. तुम्ही विचारल्याशिवाय आई सांगणार नाही, तिच्या लेखी ते "चांगलं" मीठ आहे.

आता हिशेब. शरीरात 8 ग्रॅम मीठ राहिलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं. मूल दीड लिटर घेऊन येतंय, म्हणजे दोन सेशनच्या मधे साधारण 12 ग्रॅम मीठ पोटात गेलंय, रोज सहा. लघवी नसलेल्या 20 किलोच्या मुलाला रोज दीड ते दोन ग्रॅम पुरे. चहाचा सपाट चमचा पाच-सहा ग्रॅमचा असतो, तेव्हा दिवसाला पाव ते एक तृतीयांश चमचा. आईला सांगा, मुलाचं मीठ सकाळी छोट्या डबीत वेगळं काढा, स्वयंपाक त्याच्यापुरता बिनमिठाचा बाजूला काढा आणि डबीतलंच वरून घाला. "घरात सगळ्यांनाच कमी" या पद्धतीने कुणाचंच मोजलं जात नाही.

पाणी तोडायला सांगून काही होत नाही. खारट खाल्लेलं मूल चोरून पाणी पितं आणि आपण त्याला रागावतो. आधी पापड (उडदाच्या एका पापडात अर्धा ग्रॅमच्या आसपास मीठ), लोणचं, फरसाण, वेफर्स, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बिस्किटं, ब्रेड-पाव हे काढा. मग 400 मिली पाणी आपोआप जमतं. त्यात ताक, आमटी, चहा, बर्फ सगळं धरायचं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात घामाने जास्त जातं, तेव्हा 100–150 मिली वर चालेल. रोजच्या वजनावरून ठरवा.

पोटॅशियमसाठी: शहाळं बंद, एका शहाळ्यात सहज 500 मिलिग्रॅम निघतं. आजारी मुलाला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा शहाळंच आणतो, हे नातेवाइकांना सांगावं लागतं. बटाटा, रताळं बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास, पाणी फेकून पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून ते पाणीही फेकायचं. उपवासाची खिचडी "हलकी" म्हणून दिली जाते, पण शेंगदाण्याचं कूट आणि बटाटा यांनी पोटॅशियम-फॉस्फरस दोन्ही चढतं.

फॉस्फरस 7.4; या वयात 4 ते 6 हवा. भाकरी-डाळीतला फॉस्फरस निम्माही शोषला जात नाही, पाकिटातल्या पदार्थांतला आणि कोल्यातला जवळजवळ सगळा शोषला जातो. म्हणून भाकरी तोडू नका, पाकीट तोडा. बाइंडरची (अन्नातला फॉस्फरस बांधणारी) गोळी जेवताना, घासाबरोबर. जेवण संपल्यावर तासाने घेतलेली गोळी वाया. आणि प्रथिनं कमी करू नका, वाढत्या मुलाचं वजन स्नायूंनी वाढायला हवं.

एक उलट धोक्याचं सांगते, हा धागा दुसरं कुणी वाचत असेल म्हणून: मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषांनी (व्हॉल्व्ह, रिफ्लक्स, लहान किडन्या) किडनी गेलेली कित्येक मुलं डायलिसिसवरही लिटरभर लघवी करतात आणि त्यातून मीठ घालवतात. त्यांना हा आहार लावला तर बीपी पडतं, वाढ खुंटते. लघवी मोजल्याशिवाय मीठ तोडायचं नाही.

---

बालमूत्रपिंड_पुणे

पेरिटोनियलबद्दल: हृदयाच्या बाजूने चांगला पर्याय आहे. पाणी रोज, सावकाश निघतं, बीपी कोसळत नाही, लांब सुट्टी नाही. या मुलाला पिशवी 800 ते 900 मिलीची (चौ.मी. ला 1000–1100) सुरू होईल. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात 2019 पासून पेरिटोनियलसाठीही मार्गदर्शक सूचना आहेत, तुमच्या जिल्ह्यात काय मिळतं ते विचारा. पण एक खोच: रात्री मशीनवर छोट्या छोट्या सायकल लावल्या तर पाणी निघतं आणि सोडियम मागे राहतं, कारण पहिल्या तासाभरात पोटाचा पडदा पाणी आधी सोडतो. वजन छान आणि बीपी तसंच, असं कोडं दिसलं तर ड्वेल (द्रव पोटात ठेवायचा वेळ) लांबवा. हाताने करायच्या चार पिशव्यांत हा प्रश्न कमी.

पेरिकार्डियम: युरिया जास्त राहिल्याने, डायलिसिस अपुरं पडल्याने किंवा नुसतं पाणी साठल्याने थोडा इफ्यूजन (साठलेलं पाणी) दिसतो आणि डायलिसिस वाढवलं की जातो. तो जाईपर्यंत हेपरिन टाळा किंवा अगदी कमी ठेवा. महिन्याभराच्या चांगल्या डायलिसिसनंतरही तसाच असेल, ताप असेल, वजन घटत असेल तर आपल्याकडे क्षयरोग डोक्यात हवाच; डायलिसिसवरच्या मुलांत तो फुफ्फुसाबाहेर सापडणं नवं नाही. रिफाम्पिसिन सुरू केलं तर अम्लोडिपिनचा परिणाम घटतो आणि बीपी पुन्हा चढतं, हे तेव्हा लक्षात ठेवा. इथॅम्ब्युटॉल, पायराझिनामाइड आठवड्यातून तीनदा, डायलिसिसनंतर.

धोक्याची खूण अशी: डायलिसिस सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांतच बीपी पडतं, मानेच्या शिरा मात्र फुगलेल्या, नाडी श्वासाबरोबर लहान-मोठी होते. हे टॅम्पोनाड (आवरणातल्या पाण्याने हृदय आवळलं जाणं) समजा. यूएफ लगेच बंद, 5–10 मिली/किलो सलाईन, इको, सुई. इथे पाणी काढत राहिलं तर मूल टेबलावरच जातं.

पीटीएच 780 आणि फॉस्फरस 7.4 यांचा हिशेब हृदय नंतर मागतं. 2000 साली अमेरिकेत 39 तरुण डायलिसिस रुग्णांचं सीटी केलं: विशीखालच्या 23 जणांत कुणाच्याही कॉरोनरीत कॅल्शियम नव्हतं, 20 ते 30 वयाच्या 16 पैकी 14 जणांत होतं. ज्यांच्यात होतं त्यांनी बाइंडर म्हणून कॅल्शियमही जवळपास दुप्पट खाल्लेलं. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांचा डोंगर न रचता सेव्हेलामर (कॅल्शियम नसलेलं बाइंडर) जोडा. तुमच्या मुलाचं कॅल्शियम 8.6 आहे, तेव्हा थोडं कॅल्शियम बाइंडर आणि कॅल्सिट्रिऑल लागेलच. सिनाकॅल्सेट (पीटीएच उतरवणारी गोळी) आत्ता नको, कॅल्शियम आणखी उतरलं तर क्यूटी (ईसीजीतलं एक अंतर; लांबलं की ठोक्याची लय बिघडू शकते) लांबेल.

कॅथेटरचं टोक उजव्या एट्रियममध्ये आहे, तिथे गाठ किंवा व्हेजिटेशन (जंतूंचा गोळा) बसू शकतं. मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात थंडी वाजून ताप आला की कॅथेटरमधून आणि हातातून दोन्हीकडून कल्चर, आणि इको. नवा मरमर (हृदयाचा जादा आवाज) ॲनिमियाच्या खात्यात टाकू नका. पुढे फिस्टुला (हातात धमनी आणि शिरेचा जोड) केलात तर त्याचाही हृदयावर भार असतो: फिस्टुला बोटाने दाबल्यावर नाडी एकदम मंदावली तर प्रवाह फार जास्त आहे समजा आणि डॉपलर करा.

आणि ट्रान्सप्लांटची नोंदणी ईएफ कमी आहे म्हणून लांबवू नका. अशी हृदयं नव्या किडनीनंतर बहुधा सुधारतात. एफएसजीएस असल्याने जनुकीय तपासणी आधी करून घ्या, परत येण्याचा धोका त्यावर ठरतो.

---

इको_खोली

अचानक काय होतं, हे राहिलं. मोठ्यांसारखा हार्ट अटॅक मुलांत क्वचित. मुलं जातात ती ऱ्हिदममुळे नाहीतर पंप थकल्याने. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे लांब सुट्टीनंतरची सकाळ. त्या दिवशी मशीनला जोडण्याआधी ईसीजीची पट्टी काढा: टोकदार टी, लांब पीआर, पी दिसेनाशी, क्यूआरएस रुंद, या पोटॅशियम चढल्याच्या खुणा. रुंद क्यूआरएस दिसला तर रिपोर्टची वाट बघायची नाही. 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 0.5 ते 1 मिली/किलो, मॉनिटरवर बघत 5–10 मिनिटांत. 25 किलोखाली साल्ब्युटामॉल 2.5 मिग्रॅ नेब्युलायझरने, इन्सुलिन 0.1 युनिट/किलो, सोबत ग्लुकोज 0.5 ग्रॅम/किलो, आणि पुढचे काही तास साखर तपासत राहा. तोवर मशीन तयार.

दुसरी वाईट वेळ डायलिसिसच्या शेवटी आणि नंतर, उलट कारणाने. पोटॅशियम 6.1 बघून शून्य किंवा 1 चा बाथ लावला की ते झपाट्याने उतरतं, क्यूटी लांबतो. जाड हृदय हे सहन करत नाही. बाथ 2 चाच, वेळ जास्त. डायलायसेटचं कॅल्शियम 1.5 ठेवा, कॅल्शियम 8.6 असताना 1.25 वर जाऊ नका. आणि उलटी होते म्हणून ओंडान्सेट्रॉन, पोटासाठी डॉम्पेरिडोन, खोकल्यासाठी ॲझिथ्रोमायसिन, अशी तीन चिठ्ठ्यांवरची तीन औषधं एकाच मुलात जमतात. तिन्ही क्यूटी लांबवतात. या मुलाचा खोकला पाण्याचा आहे, त्याला अँटिबायोटिक लागत नाही.

---

डायटेक_नाशिक

सर, एक राहिलं. सिस्टर बीपी पडलं की सलाईन देतात आणि शेवटी रक्त परत करताना 150 मिली सलाईन जातं, ते यूएफमध्ये धरता का? 150 मिली सलाईनमध्ये 1.35 ग्रॅम मीठ. ताईंनी दिवसाचं म्हणून जेवढं सांगितलं तेवढं जवळजवळ आपणच सेशनच्या शेवटी घालून घरी पाठवतो. पेडियाट्रिक लाइन्स आल्या की रिन्सबॅक 70–80 मिलीत होतो. सुरुवातीला प्रायमिंगचं (लाइन्स आधी भरून ठेवलेलं) सलाईन मुलात न सोडता टाकून द्यायचं, बीपी साथ देत असेल तर. उरलेला रिन्सबॅक, मधे दिलेली सलाईन आणि मूल डायलिसिस चालू असताना जे पितं-खातं ते सगळं यूएफ गोलमध्ये आधीच मिळवायचं. आणि वजन दोन्ही वेळा त्याच काट्यावर, त्याच कपड्यांत, चप्पल काढून. 20 किलोच्या मुलात 200 ग्रॅमचा स्वेटर म्हणजे एक टक्का.